कुत्र्याच्या पाठीवरची राख

“येळवसला गाडीतच घालून नेतो की त्याला. आपल्या शेतावरून नदी हाय कितीशी? पल्याड सोडतो अन् माघारी येतो. वास काढत येयाचं म्हनलं तरी मदी मांजरेचं पाणी आडवं हाय.”

मागच्या परसात आमचा सालगडी बोलत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. हातात निवडलेल्या तिळांचं सूप होतं, ते अक्काला द्यायला निघाले होते. अक्का उखळापाशी होती. मुसळाचा आवाज थांबला.

“जित्तं सोड बाबा,” अक्का म्हणाली. “पाण्यात ढकलू नको. मुकं जनावर हाय.”

“न्हाई वो अक्का. पल्याड वस्ती हाय. भाकरतुकडा घालंल कुनीतरी.”

“अन् पोरीला आदी सांगू नको. बोलत न्हाई ती, पर जीव हाय तिचा त्याच्यावर.”

“बोलत्यात की! आपल्यासंगं न्हाई, कुत्र्यासंगं बोलत्यात.”

“गप रं. दात काडू नको. माझ्या मनाला काय बरं वाटायलंय व्हय? पर खरूज हाय ती. उद्या पोरीच्या अंगाला लागली, तर बघाया आलेल्या लोकांना काय सांगू? आदीच म्हणायलेत, लई शिकलीय म्हून.”

मुसळ पुन्हा सुरू झालं. मी सूप घेऊन तशीच मागे फिरले आणि ते फळीवर ठेवून दिलं. येळवस, म्हणजे आमच्या भागातली शेतातली अमावस्या, अगदी तोंडावर आली होती. घरात तिळाच्या पोळ्यांची तयारी चालली होती.

कुत्र्याला खरूज नव्हती. ही गोष्ट त्या घरात फक्त मला माहीत होती, आणि मी ती कोणालाही सांगितलेली नव्हती.

कुत्रा मुळात आमचा नव्हता. रस्त्याच्या कामावर एक साहेब होता, तो डाकबंगल्यात राहायचा. रस्त्याच्या मजुरांना लागणारी ज्वारी आमच्या अप्पांच्या अडतीवरून जायची, तेवढीच त्यांची ओळख. लढाई सुरू झाली तसा साहेबाला हुकूम आला आणि तो गेला. जाताना कुत्रा त्यानं अप्पांच्या अडतीत बांधून ठेवला. अप्पांना नाही म्हणता येत नाही. पोत्यांच्या गाडीत, पोत्यांवर बसून तो घरी आला. तपकिरी रंगाचा, लांब केसांचा, आणि कान इतके लांब की पाणी पिताना ते पाण्यात बुडत. अक्कानं कमरेवर हात ठेवून त्याला पाहिलं आणि विचारलं, “हे मेंढरू हाय का कुत्रं?” साहेबानं ठेवलेलं नाव कोणाच्या तोंडात बसेना. घरात त्याला सायबाचं कुत्रं म्हणत, गल्लीतही तेच.

त्याच दिवसांत मीही घरी आले होते. आई गेली तेव्हा मी लहान होते. अप्पांनी मला हैदराबादला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. मॅट्रिक होईपर्यंत मी सुट्टीपुरतीच घरी येत असे. आता कायमची आले होते आणि पुढं काय, हे कोणी बोलत नव्हतं. पण परकरपोलक्याच्या ट्रंकेत नव्या साड्या भरल्या जात होत्या, त्यावरून ते कळत होतं.

शाळेत वर्गात इंग्रजी आणि अंगणात मुलींची दखनी. घरात मराठी आणि कानडी, कधी कधी दोन्ही एकाच वाक्यात. माझी मराठी पुस्तकांतून आणि अप्पांच्या पत्रांतून आलेली. पहिल्या आठवड्यात मी अक्काला म्हटलं, “तुम्ही जेवण करून घ्यावं.” अक्का पोळपाटावरून मान वर करून बघत राहिली. “तुमी? मी काय तहसीलदार हाय का गं?” शेजारच्या बायका हसल्या. एक म्हणाली, “पोरगी छापील बोलायली वो!” त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे आता कळतं. पण तेव्हापासून मी होय आणि नाही, याच्या पलीकडे फारशी गेले नाही.

कुत्र्याचंही तसंच चाललं होतं. मी आले त्या दिवशी सालगडी अंगणात त्याच्यासमोर उभा राहून ओरडत होता, “हिकडं ये! ये की रं! बस म्हनलं की बस! बहिरं हाय का काय?” कुत्रा एकदा त्याच्या तोंडाकडं आणि एकदा हाताकडं बघत होता. मी ओसरीवरून हळूच म्हटलं, “कम.” तो धावत आला. मग म्हटलं, “सिट.” तो बसला. अंगणातले सगळे एकदम हसले.

“मडम आली म्हून बरं झालं,” सालगडी म्हणाला. “न्हाईतर ह्याला दुभाषी कुठनं आणायचा?”

तेव्हापासून घरातली माणसं मला मडम म्हणू लागली आणि कुत्रा माझ्यामागून हिंडू लागला. संध्याकाळी ओसरीच्या खांबाशी आम्ही बसत असू. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलत असे. विशेष काही नाही. शाळेतली घंटा कशी वाजायची, शेजारच्या खाटेवरची मुलगी मद्रासला गेली ती आता पत्र लिहील की नाही, असलं काहीतरी. तो हनुवटी माझ्या पावलावर ठेवून ऐकायचा. पुष्कळ दिवस असे जात की मी मोठ्यानं उच्चारलेली पूर्ण वाक्यं फक्त त्याच्याच कानांवर पडत.

“मंतर घालायली का काय त्याला?” अक्का जाता जाता म्हणायची.

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. अप्पा तिला अक्का म्हणत, म्हणून सारं गाव अक्का म्हणायचं. लहानपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. आई गेल्यावर घर तिनंच उभं ठेवलं. माझ्या सुट्ट्यांत डोक्याला तेल तिनंच लावलं आणि परत जाताना ट्रंकेत धपाटे तिनंच बांधून दिले. तरी मला तिची भीती वाटायची. तिची कसली भीती, आपण तिला आवडणार नाही याची.

एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर माझं गप्प राहणं कळणार नाही. घरी येऊन थोडेच दिवस झाले होते. दिवे लागायच्या वेळी शेजारची एक बाई आली. घरातल्या सगळ्यांच्या कपाळावर विभूती होती, आमच्या लिंगायत घरात ती असायचीच. माझ्या कपाळावर नव्हती. शाळेत इतकी वर्षं नव्हतीच, मी विसरून गेले होते. बाईनं माझ्याकडं पाहिलं आणि अक्काला विचारलं, “किरिस्ताव झाली का काय वो तुमची भाची?”

अक्का उठली. देवळीतून विभूतीची वडी आणली, बोटं ओली केली आणि त्या बाईच्या देखत माझ्या कपाळावर तीन पट्टे ओढले. “आत्ताच तोंड धुतलंय लेकरानं, पुसली गेली आसंल,” ती म्हणाली. “माझ्या घरची राख हिच्या हाडात हाय.”

माझ्या बाजूनं इतकं कोणी कधीच बोललं नव्हतं. त्या घरात राखेविषयी मी तोंड उघडणं शक्य नव्हतं, ते या कारणानं.

मग थंडी आली. आमच्याकडची थंडी कोरडी. वारा काळ्या रानावरून येतो आणि ओठ, टाचा, हाताची बोटं, जे उघडं असेल ते फाडत जातो. कुत्र्याला खाज सुटली ती याच दिवसांत. तो मागचा पाय वर घेऊन खाजवायचा तेव्हा पाय ओसरीच्या फळीवर आपटायचा. ठक ठक ठक, दुपारच्या सामसुमीत तो आवाज घरभर ऐकू यायचा. तो उठला की बसल्या जागी पांढरा कोंडा पडलेला असे.

अक्कानं ते पाहिलं आणि पदर खोचला. “थांब. थंडीची खाज हाय, मी काडते.”

सोमवारी तिनं हंडाभर पाणी कडकडीत तापवलं आणि रिठे उकळले. फेस काढून कुत्र्याला असा घासला की केस हाताखाली करकर वाजू लागले. मग तो वाळला. मग गोवऱ्यांची राख वस्त्रातून गाळून, तिच्यात मठातून आणलेल्या विभूतीची चिमूट मिसळून, अक्कानं ती त्याच्या पाठीत, पोटात चोळून भरली. शेवटी त्याच्या कपाळावरही तीन पट्टे ओढले.

“आता कसं! महादेवाचा नंदी दिसायलास बघ.”

सगळे हसले, मीसुद्धा हसले. अक्काच्या हातून त्या राखेनं आयुष्यभर सगळं केलं होतं. भांडी घासली होती, बियाण्यातली कीड मारली होती, वासराच्या जखमा सुकवल्या होत्या आणि लहानपणी मला गोवर आला तेव्हा माझ्या अंगाखाली पसरली होती. राखेहून स्वच्छ काही असतं, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिला दयाच आली असती. परक्या कुत्र्याला ती आपल्या घरातली सगळ्यात चांगली वस्तू लावत होती.

खाज वाढली. अक्कानं राखही वाढवली. सोमवारची अंघोळ एक दिवसाआड होऊ लागली आणि राख रोज सकाळी.

मला करायला काम नव्हतं, म्हणून मी बघत असे. अंघोळीच्या दिवशी तो सगळ्यात जास्त खाजवतो, हे माझ्या लक्षात आलं. एका दुपारी मी त्याला माळवदावर, म्हणजे गच्चीवर, नेलं, उन्हात आडवा केला आणि केस बाजूला करून कातडी पाहिली. खरजेची कुत्री मी आठवडी बाजाराच्या कडेला पाहिली होती. त्यांचे केस गेलेले, कान जाड झालेले, कोपरं सोललेली, आणि जवळून गेलं की वास. याला तसं काहीच नव्हतं. केस जागच्या जागी होते. खाली कातडी मात्र आटलेल्या तळ्याच्या तळासारखी, बारीक बारीक रेघांची.

त्या रेघा माझ्या ओळखीच्या होत्या. मी निऱ्या वर करून माझ्या नडगीवर नख ओढलं. पांढरी रेघ उठली.

मग मी जे केलं ते कोणी पाहिलं नाही, हे बरं झालं. रिठ्याचं उरलेलं पाणी आणि मूठभर राख माळवदावर नेली. एक पोटरी त्यानं घासली, दुसरीला करडईचं तेल लावलं आणि दोन्ही पाय उन्हात पसरून बसले. मॅट्रिक झालेली मुलगी एक पाय राखेचा आणि एक तेलाचा करून बसली आहे, आणि शेजारी कुत्रा दोन्ही पाय आलटूनपालटून हुंगतो आहे. ऊन उतरेपर्यंत राखेच्या पोटरीची आग होऊ लागली. तेलाची पोटरी आहे की नाही हे आठवतसुद्धा नव्हतं.

खाण्याचंही होतं. साहेबाच्या खानसाम्यानं त्याला हाडं आणि चरबी खाऊ घातली असणार. आमच्या घरात अंडंही येत नाही. तो ताकात कुस्करलेली भाकरी खायचा आणि आमच्याकडं बघत राहायचा. आतूनही कोरडा, बाहेरूनही कोरडा. मांस आणणं माझ्या मनातही येणं शक्य नव्हतं. पण करडईचं तेल तर आमच्या ताटातच असतं. भाकरीवर तेल ओतून घेतल्याशिवाय आमच्याकडं जेवण होत नाही. शाळेच्या सवयीनं मी ते घेत नसे.

त्या रात्री जेवताना मी ताट पुढं केलं आणि म्हटलं, “तेल.”

अक्का हरखली. “मागायली बघ पोरगी! घे, घे की अजून. आता कशी घरची झाली!”

अप्पांनीही मान वर करून पाहिलं आणि हसले. तेलात भिजलेली अर्धी भाकरी मी पदराआड धरून ओसरीवर नेली. रोजच नेऊ लागले. अक्का रोज माझ्या भाकरीवर तेल ओतायची आणि रोज खूष व्हायची.

अंगालाही मी तेल लावू लागले. तळहातावर थोडं घ्यायचं, हात एकमेकांवर चोळून ते कोमट करायचं आणि बोटांनी केसांच्या मुळाशी जिरवायचं. केस तेलकट दिसू द्यायचे नाहीत. आधी कानांमागं, काखेत, मांड्यांच्या आत, जिथं अक्काची राख पोहोचत नव्हती. तिथला कोंडा कमी झाला. तिथं बोट फिरवलं की तो पाय झाडायचा नाही, डोळे मिटायचा.

तिथंच थांबले असते तर निभावलं असतं. पण पाठीची खाज त्याला बसू देत नव्हती, म्हणून मी पाठीलाही तेल लावायला लागले. दुपारी घर निजलं की मी तेल लावायची. थंडी कडक झाल्यानं अक्कानं अंघोळी थांबवल्या होत्या, पण सकाळी ती त्यावर राख चोळायचीच. थोड्याच दिवसांत पाठीवर करडा चिखल झाला. केसांच्या गुठळ्या झाल्या, त्यांवर खपल्या आल्या, खालून काळपट, चिकट असं काहीतरी निघू लागलं. खवट तेलाचा वास येत होता. पण त्या घरात तेलाचा वास कशाला येत नव्हता?

अक्कानं एका गुठळीत नख घातलं आणि नख नाकाशी नेलं.

“पू हाय,” ती म्हणाली. “आतनं पाझरायलंय. खरूजच ही. माझ्या हातनं बरी होयाची न्हाई.”

मी तिच्या शेजारी उभी होते. माझ्या तळहातांना तेव्हाही तेल होतं. अक्काचा चेहरा पडला होता. तिच्या राखेनं पहिल्यांदाच हार खाल्ली होती.

सांगायचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा जुळवलं. राखेनं त्याला त्रास होतो. मराठीत ते उद्धट वाटायचं. इंग्रजीत ते सोपं होतं, पण ते ऐकणारा एकटा कुत्राच होता. आणि किरिस्तावांच्या शाळेतून आलेल्या मुलीनं राख नको म्हणायचं! ज्या बाईनं माझ्यासाठी ती राख साक्षीला काढली, तिलाच म्हणायचं! अप्पांना सांगावं असंही वाटलं. अप्पा अडतीवरून येत, हातपाय धूत आणि विचारत, “काय लागतंय का बाळ?” मी म्हणे, “नाही.” ते थोडं थांबत आणि आत जात. माझं गप्प राहणं कोणाकडून आलं, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यात दिसे.

यानंतर मी दाराआडून ते बोलणं ऐकलं.

येळवसच्या आदल्या दिवशी मी कोमट पाणी आणि लाकडी फणी घेऊन माळवदावर बसले. नुसतं पाणी, रिठे नाहीत. डाव्या बाजूच्या गुठळ्या एक एक करून भिजवल्या, सोडवल्या आणि विंचरल्या. खालची कातडी गुलाबी होती. पू नव्हता, जखम नव्हती. पुसून थेंबभर तेल लावलं तेव्हा ती बाजू थंडी येण्याआधीसारखी चमकायला लागली. उजव्या बाजूला हात घातला आणि खालून हाक आली, “मडम, पोळ्या लाटायला या की!” तो तसाच राहिला, अर्धा तपकिरी आणि अर्धा करडा.

सकाळी गाड्या निघाल्या. शेंगभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, खीर, आंबिलीचं मडकं, आणि मागच्या गाडीत कडब्यावर कुत्रा. त्याला गाडीची हौस होती. कान वाऱ्यावर उडवत तो बसला होता. येळवसला ओळखीपाळखीच्या माणसांना शेतावर जेवायला नेतात. त्यामुळे त्या दिवशी आमच्या गाडीत मला किरिस्ताव म्हणणारी ती शेजारीणही होती.

ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यामधे कडब्याची खोप उभारून आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. पूजा झाली. अप्पांनी आंबिलीचं मडकं खांद्यावर घेतलं आणि शेताच्या कडेनं आंबील शिंपडत निघाले. मागून सालगडी येळवसची ठरलेली आरोळी देत होता, “ओलगे ओलगे!” शेजारच्या शेतातूनही तीच आरोळी आली, त्याच्या पलीकडूनही. नदीपर्यंत सगळ्या रानात माणसं ओरडत होती. एरवी एक शब्द न बोलणारे अप्पासुद्धा ओरडले. मी गाडीच्या चाकाशी, कुत्र्याजवळ बसले होते. त्या आरोळीत तोंड उघडलं असतं तर कोणाला कळलंही नसतं, पण मला तेही जमलं नाही.

जेवणं झाली. अक्कानं खिरीत बाजरीचा उंडा कुस्करला आणि पळसाच्या पानावर घालून स्वतः कुत्र्यापुढं ठेवला. “खा बाबा, पोटभर खा,” ती म्हणाली आणि लगेच तोंड फिरवून पातेली आवरायला लागली.

सालगड्यानं दोरी सोडली. “चल.”

कुत्र्यानं चारी पाय मातीत रोवले.

“चल की रं! चल!” त्यानं ओढलं, मग बायकांकडं बघून डोळा मिचकावला. “थांबा, सायबाच्या बोलीत सांगतो. कम! कम!”

कुत्रा खाली बसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. शेजारीण म्हणाली, “तुझं इंग्रजी त्याला पटलं न्हाई रं.” सालगडी घामाघूम झाला आणि माझ्याकडं आला.

“मडम, तेवढं तुमीच सांगा की त्याला. माझ्यासंगं जा म्हनावं. तुमचंच ऐकतंय ते.”

“तिला कामून सांगायलास मेल्या!” अक्का पातेलं टाकून उठली. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि थबकली. “ठावं हाय वाटतं हिला,” ती हळू आवाजात म्हणाली.

अक्का जवळ आली. तिनं पदराची गाठ सोडली. आत कागदाच्या पुडीत मठाची विभूती होती, ती तिनं घरून बांधून आणली होती. “जाताना एवढी लावू दे त्याला,” ती म्हणाली. “कुटं का आसंना, राखंल त्याला.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुडी पाहताच कुत्र्याच्या पाठीवरची कातडी थरथरली. तो मागं सरकत माझ्या पायांत शिरला आणि गुडघ्यांना टेकून उभा राहिला. अप्पा मडकं घेऊन परत येत होते. ते थांबले.

“काय म्हणायलीस बाळ?” त्यांनी विचारलं.

मी अजून काहीच म्हटलं नव्हतं. ओठ हलले असतील. अक्कानं चिमूट भरली आणि वाकली. मी तिचं मनगट धरलं. तिची बोटं भेगांनी फाटली होती, भेगांत राख भरली होती. शेजारीण बघत होती, सालगडी दोरी हातात घेऊन बघत होता. मी त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं:

“अक्का, राख लावू नको त्याला. ती खरूज नाही, कातडं कोरडं पडलंय, राखेनं आग होते त्याची. तू सकाळी राख लावतेस आणि दुपारी त्यावर मी तेल लावते, त्याचा चिखल झालाय तो, पू नाही. ह्या बाजूला हात लावून बघ, इथं नुसतं तेल आहे. आणि जा म्हणून त्याला मी सांगणार नाही.”